शेजारी बसण्याचं काम

प्रिय घुमे,

इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असणार. फोन करता आला असता, पण फोनवर मी बोलत सुटते आणि सांगायचं ते बाजूलाच राहतं. आज सुट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी दुपार झाली की लक्षात येतं, सकाळपासून आपण कुणाशी एक अक्षर बोललेलो नाही. मग उगीच खाली दुकानात जाऊन काडेपेटी आणते. दुकानदाराला वाटत असेल, ही बाई दिवसभर चुलीशीच बसते.

खोली तीच आहे. तुझा पलंग घरमालकिणीने परत नेला आणि त्या जागी मी काहीच ठेवलं नाही. समोरच्या इमारतीतला बासरी शिकणारा माणूस अजून त्याच ओळीवर अडखळतो. आमचे बाबा अजून तोच प्रश्न विचारतात. पदवीचा कागद दाखवला तेव्हा शिलाई मशीनवरून मान वर करून म्हणाले होते, "जनसंवाद म्हणजे बोलायलाच शिकलीस ना? ते तर तू दीड वर्षाची असतानाच शिकली होतीस. आमचं डोकं उठवलं होतंस." तू हसून हसून लोळली होतीस. मी फुगून बसले होते, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. शिंप्याच्या मुलीला शिवता येत नव्हतं आणि जे येत होतं त्याला दुकान नव्हतं.

ते दिवस मला फार आठवतात. आपल्या दोघींत मिळून मुलाखतीला घालण्यासारखा एकच कोट होता, तुला खांद्यांत सैल आणि मला आखूड. वर्तमानपत्रं, जाहिरात कंपन्या, सगळीकडे अर्ज टाकून झाले होते. सगळ्यांना अनुभव हवा होता. आपल्याकडे दाखवण्यासारखं एकच होतं, शेवटच्या वर्षी कॉलेजच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंवर केलेलं ते बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्या जन्मापासून अंध होत्या आणि महिनाभरात निवृत्त होणार होत्या. तू मांडीवर रेकॉर्डर ठेवून तीन दुपारी त्यांच्या शेजारी नुसती बसून राहिलीस. एक प्रश्न विचारला नाहीस. मी दाराशी चुळबुळ करत होते, हिला झालंय काय म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "चेहरा मी कुणाचाच पाहिला नाही. हॅलो म्हटलं की माणूस कळायचा. आता घरी बसल्यावर मला हॅलो कोण म्हणणार?" मी नंतर तुकडे जोडले आणि मधलं निवेदन लिहिलं. एवढंच.

त्या माहितीपट बनवणाऱ्या कंपनीत सोमवारी माझी मुलाखत होती, मंगळवारी तुझी. मला नोकरी लागली. मंगळवारी तू परत आलीस, कोट खुंटीला लावलास आणि म्हणालीस, "नाही झालं." मी का म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "काय माहीत. नीट बोललेच नाहीत माझ्याशी." मी पुढे काही विचारलं नाही. आठवड्याने तू मामांच्या छापखान्यात काम करायला निघून गेलीस. बस सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी राहून अखंड बडबडत होते. तुला वाटलं असेल, मला रडू येतंय म्हणून.

ती नोकरी नऊ महिने टिकली, हे मी तुला कधी कळवलं नाही. तुझ्या वाढदिवसाला 'सगळं मस्त चाललंय' असं लिहिलं तेव्हा मी कामावरून निघून दोन महिने झाले होते. तिथे मला लोकांना बोलतं करायचं काम दिलं होतं. मी एका वेल्डरकडे गेले, एका निवृत्त परिचारिकेकडे गेले. समोरचा श्वास घ्यायला थांबला की मी त्याचं वाक्य पुरं करून टाकायची. आपल्या मुलाखती घेणाऱ्या त्या दाढीवाल्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "यात सगळीकडे तूच आहेस. ते टेलिफोनवाल्या बाईंचं खरंच तू केलं होतंस?" मी मान डोलावली.

त्यानंतर मी बिस्किटांच्या पुड्यांवरचा मजकूर लिहिला. कानाला हेडफोन लावून दिवसभर फोनवर लोकांना छापील वाक्यं वाचून दाखवली. आठ-आठ तास बोलायची आणि एका माणसाशीही बोललेली नसायची. एकदा घरमालकिणीचं मनगट मोडलं म्हणून तिला घेऊन सरकारी हॉस्पिटलात गेले. तिथे एक आजोबा हातातली औषधांची चिठ्ठी एकेका माणसापुढे धरत होते. मी त्यांना ती सावकाश समजावली, परत त्यांच्याकडून वदवून घेतली. मागे मेट्रन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "इथे काम करशील?" अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक बसतात, त्यांच्यात आणि डॉक्टरांत एक माणूस हवा होता.

पहिले काही दिवस मी तिथेही तोंडाचा पट्टाच चालवला. धीर धरा, सगळं ठीक होईल. लोक माझ्याकडे बघेनासे झाले. मग एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांच्या बायकोची शस्त्रक्रिया झाली होती, शुद्ध आली होती, पण काही विचारलं तर ती उत्तर देत नव्हती. मेंदूला मार बसला असावा, असं डॉक्टरांना वाटू लागलं होतं. गृहस्थ तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले होते. काय बोलावं हेच मला सुचेना, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही बसले. जीभ चावत बसले म्हण. चौथ्या दिवशी ते भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "तिला ऐकू येत नाही. वीस वर्षं झाली. ओठ बघून ओळखते ती. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय तिनं." आणि खिशातून तिचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. आत सगळे तोंडाला मास्क लावून तिच्याशी बोलत होते. मी आत जाऊन तिला चष्मा लावला, सिस्टरने मास्क खाली केला आणि नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं आणि वर विचारलं, "आमचे हे जेवले का?"

मेट्रननी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "असं बसायला कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "मी नाही शिकले, माझी मैत्रीण बसायची." त्या म्हणाल्या, "मग तिलाच बोलाव. आणखी एक जागा निघतेय."

घुमे, बोलावण्याआधी तुला हे कळायला हवं. त्या सोमवारी दाढीवाल्या साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकून विचारलं होतं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मी." तुझं नाव घेतलं नाही. मंगळवारी तू तेच रेकॉर्डिंग घेऊन गेलीस आणि त्यांना वाटलं, तू चोरलंस. म्हणून ते तुझ्याशी नीट बोलले नाहीत. हे मला त्याच संध्याकाळी, तू कोट खुंटीला लावत होतीस तेव्हा ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात मी साहेबांना सगळं लिहून कळवलंय. त्या पत्राची प्रत सोबत आहे, हॉस्पिटलचा अर्जही आहे. ही जागा मी तुला देत नाही, तुझं काम ऐकून मेट्रन देताहेत. रेकॉर्डिंग मी त्यांना तुझ्या नावाने ऐकवलं. माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर तसं मेट्रनना कळव. मी बाह्यरुग्ण विभागात बदली मागून ठेवली आहे, ती इमारत रस्त्यापलीकडे आहे. मला उत्तर लिहिलंच पाहिजेस असं नाही. अर्ज मात्र वीस तारखेच्या आत टाक.

तुझीच,
टकळी