चष्म्याची दोरी

३ मार्च
आज सगळ्यांच्या छातीवर बिल्ला लावला. भिंतीवरच्या बाटलीतून सॅनिटायझर घेतलं की हिरवा होतो. न घेता बाळाच्या काचेच्या पेटीजवळ गेलं की लाल होऊन थरथरतो. बावीस वर्षं या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढली — आता हात धुवायला मला हे खेळणं शिकवणार! चिमणी, आमची सगळ्यात लहान नर्स, म्हणाली, "ताई, सासूच आणून बसवली हो छातीवर."

पण गेल्या महिन्यात तीन बाळांना जंतुसंसर्ग झाला, हे काही खोटं नाही. दोघं सावरली. चार नंबरच्या पेटीतली मुलगी अजून झुंजतेय. नऊशे ग्रॅम.

५ मार्च
चार नंबरला दूध पचत नाही. तिची आई काचेला तळवा टेकून उभी. "सिस्टर, कुठून आलं हो हे तिच्यात?"
म्हटलं, एवढुशी बाळं, कुठूनही येतं. बोलताना तिच्याकडे बघितलं नाही. का, कोण जाणे.

१० मार्च
बिल्ल्यांचा आठवड्याचा हिशोब लागला, कुणी किती वेळा हात धुतले त्याचा. चिमणी ब्याण्णव टक्के. मी एकसष्ट. सगळ्यात खाली.
"यंत्र बिघडलंय," मी म्हणाले. मेट्रनबाई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. "असेलही. उद्या जरा स्वतःवर नजर ठेवा."
घरी सांगितलं तर नवरा म्हणे, "तू? मला हात धुतल्याशिवाय चमचा उचलू देत नाहीस ती?"

११ मार्च
यंत्र ठीक आहे.
मी हात चोळते, पेटीपाशी जाते — आणि सिरिंजवरचे बारीक आकडे दिसत नाहीत. चाळिशी लागलीय. मग दोन पावलं मागे, टेबलावरचा चष्मा दोरीसकट गळ्यात, परत पेटीत हात. आत्ताच तर धुतले! ती दोन पावलं मी कधी धरलीच नव्हती. आज बिल्ला एकवीस वेळा थरथरला.
आणि ती दोरी? फायलींवर, फोनवर, खिशात, कुठेही लोळते. धुतली कधी, आठवत नाही.
मेट्रनबाईंना म्हटलं, तपासायला पाठवा.

१५ मार्च
दोरीवर तोच जंतू, जो चार नंबरच्या रक्तात सापडला.
"दोरीवरून बाळाकडे गेला की बाळाकडून दोरीवर आला, कुणीच सांगू शकत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. खरं आहे. तरी घरी येऊन चष्मा तीनदा धुतला.

१९ मार्च
दोरी गेली कचऱ्यात. आता आधी चष्मा, मग हात, मग बाळ. नाकावरून चष्मा घसरला तरी तसाच. चिमणी म्हणते, "सासू खूश दिसतेय ताईंवर."
चौऱ्याऐंशी टक्के.
आणि चार नंबरची दूध पचवतेय! नऊशे ऐंशी ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, रविवारी आईच्या छातीवर द्यायला हरकत नाही.
आईला दोरीचं सांगायला हवं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मी सांगते." नको म्हटलं. उत्तर माझ्याकडे मागितलं होतं.

२२ मार्च, शनिवार
सांगितलं. दोरी, दोन पावलं, सगळं.
तिने काचेवरचा तळवा खाली घेतला. मग विचारलं, "उद्या ड्यूटीवर तुम्हीच ना?"
"हो."
"मग तिला घ्यायच्या आधी हात कसे धुवायचे, ते तुम्हीच शिकवा मला."