थोरलीच्या मागच्या आसाविषयी थोडंसं

ती. मामांच्या सेवेशी,

भाच्याचा आणि भाचेसुनेचा वाकून नमस्कार. (गुडघे टेकूनच करणार होतो, पण मग तुमच्या गुडघ्यांची आठवण झाली. कसे आहेत ते? उजवा अजून डाव्यापेक्षा जास्त कुरकुरतो का? मामींच्या तेलाने खरंच फरक पडतो, की तुम्ही नुसतं हो म्हणता?) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आईची तब्येत उत्तम आहे, फक्त तुम्ही फोन उचलत नाही म्हणून ती रागावली आहे. मी मात्र फोनच्या भानगडीत न पडता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता आणि पुढची सगळी स्वतः बोलता. पत्राला मध्येच तोडता येत नाही. पत्र घेऊन येणाऱ्या माणसाला कृपा करून चहा द्यावा आणि तुमचं वाचून होईपर्यंत त्याला काहीही विचारू नये. आणि मामा, शेवटचं पान आधी वाचायचं नाही! ही तुमची सवय मला ठाऊक आहे.

तर मामा, बातमी अशी की थोरलीने कमाल केली आहे. कमाल म्हणजे काय, नुसती कमाल! (पत्र मामी मोठ्याने वाचत असतील आणि समोर कुणी पाहुणे बसले असतील तर त्यांच्यासाठी सांगतो : थोरली म्हणजे मामांचा ट्रक. ती घरात आधी आली आणि मामांची मुलगी नंतर, म्हणून ती पोर एकुलती एक असूनही जन्मभर ‘धाकटी’ राहिली.) तुमच्या गुडघ्यांनी क्लचपुढे हात टेकले, त्या दिवशी तुम्ही थोरलीची किल्ली माझ्या हातात दिलीत आणि दोन अटी घातल्यात. एक, तिच्या मागच्या आसाला हात लावायचा नाही. दोन, ज्या दिवशी ती भरल्या मालानिशी चढ चढून तुमच्या दाराशी येणार नाही, त्या दिवशी किल्ली परत. मी दोन्हींना हो म्हटलं. त्या क्षणी तुम्ही तिसरी, चौथी, दहावी अट घातली असती तरी मी हो म्हटलं असतं, इतका हरखलो होतो. दुसरी अट मी जिवापाड सांभाळली. हे पत्र पहिलीबद्दल आहे.

आता चिडू नका. आधी माझी अडचण ऐका. तुम्ही थोरली बांधून घेतलीत ती तुमच्या चढासाठी. तुमचं सगळं आयुष्य खाली-वर करण्यात गेलं, माझं चाललंय सपाट हमरस्त्यावर. सरळ रस्ता, हलका माल, आणि इंजिन मात्र कुणी मागे लागल्यासारखं किंचाळतंय. कॅबिनमध्ये बसून बायकोने काही म्हटलं तर मला पुढच्या गावात ऐकू यायचं. (तिचं म्हणणं, थोरली चालवत नसतानाही तसंच होतं.) आणि डिझेल? टाकी आहे की चाळणी, असा प्रश्न पडायचा. जे कमवावं ते पंपावर ओतून यावं. शेवटी शेवटी तर ‘विकून टाका’ असं चार लोक तोंडावर म्हणायला लागले. थोरली विकायची? मग तुम्हाला तोंड कुठल्या तोंडाने दाखवायचं? म्हणजे मामा, मी आसाला हात लावला तो थोरली हातची जाऊ नये म्हणूनच लावला. एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहे. त्याला सगळे प्राध्यापक म्हणतात, कारण तो नट आवळण्याआधी नटाविषयी बोलतो. त्याच्या गॅरेजच्या शटरवर आतून खडूच्या आकृत्याच आकृत्या, त्यामुळे ते कधी पूर्ण वर जात नाही आणि गिऱ्हाईक वाकूनच आत शिरतं. त्याने मला तेलकट स्टुलावर बसवून शिकवलं ते असं : इंजिन फिरतं, चाकं फिरतात, पण इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाने एक फेरी मारायची हे ठरवते ती मागच्या आसातली दातेरी जोडी, क्राऊन आणि पिनियन. तुमची जुनी जोडी म्हणजे जिन्यावरून लहान लहान पावलांनी चढणारा माणूस. ओझं कितीही द्या, चढेल, पण सपाटीवरही तो तशीच तुरुतुरु पावलं टाकणार आणि दमणार. नवी जोडी म्हणजे लांब ढांगा. इंजिन निवांत, चाक पळतंय, डिझेल वाचतंय! मी त्याला एकच विचारलं, जिन्यावर काय होईल? तो म्हणाला, ‘तुमच्या रस्त्यावर जिना आहे का?’ मी म्हटलं, नाही. (तेव्हा तुमच्या चढाची आठवण झाली नाही असं नाही. झाली होती. पण ती मी मागच्या सीटवर बसवली.)

जोडी बदलली आणि मामा, काय सांगू! इंजिनाचा आवाज इतका खाली आला की मी आधी ते बंद पडलं समजून गाडी कडेला घेतली. तुमचा नियम मी मोडला नाही बरं का, काटा पन्नासवर म्हणजे पन्नासवर. पण त्या दिवसापासून जगाला काय झालं कोण जाणे, सगळे हळू चालवायला लागले. ज्या बसगाड्या मला धुळीत टाकून जायच्या त्यांना मी मागे टाकतोय. एका नव्याकोऱ्या मोटारीचा मालक खिडकीतून थोरलीकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. मी बायकोला म्हटलं, लोक किती आळशी झाले आहेत बघ. ती म्हणाली, आपण जरा जास्तच जोरात जातोय. मी म्हटलं, काटा बघ. तिने काटा बघितला, मग बाहेर बघितलं, आणि दरवाजाची मूठ घट्ट धरली.

पुढच्या नाक्यावर पोलिसाने अडवलं. मी अत्यंत शांतपणे त्याला सांगितलं की साहेब, मी पन्नासच्या वर काटा जाऊ देत नाही, ही माझ्या मामांची शिकवण आहे. तो म्हणाला, मामांना पण बोलवा. असो. दंड भरून पंपावर आलो आणि हिशेब मांडला, तर डिझेल वाचायच्या ऐवजी पूर्वीपेक्षा जास्त लागलेलं! माझा तोल गेला. तसाच प्राध्यापकाच्या गॅरेजात गेलो (वाकून) आणि त्याच्या सगळ्या आकृत्यांचा उद्धार केला. त्याने माझ्या ड्रायव्हिंगचा केला, मी त्याच्या खडूचा केला. गल्ली गोळा झाली. आणि तेवढ्यात बायको थोरलीच्या पायरीवरून म्हणाली की ती येताना रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघत होती, आणि दगड भराभर येत होते पण मीटर काही त्यांच्याबरोबर पुढे सरकत नव्हता.

प्राध्यापक एकदम गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदाच झाला असावा, कारण त्याच्या बायकोने घाबरून आतून पाणी आणलं. मग त्याने कपाळावर हात मारला. मीटरची केबल निघते गिअरबॉक्समधून, चाकाला कुणी विचारतच नाही! मागची जोडी बदलली, आता गिअरबॉक्स कमी फिरतो आणि चाक जास्त, पण मीटर आपला जुनाच हिशेब धरून बसलेला. म्हणजे मी पन्नास समजून कितीतरी जोरात पळवत होतो, म्हणून डिझेल जळत होतं, आणि वर पळालेलं अंतर कमी मोजलं जात होतं! थोरली बिचारी इमानाने धावत होती आणि तिचं श्रेय मीटर खात होता. प्राध्यापकाने मीटरचं छोटं चाक बदलून दिलं (आणि लगेच शटरवर नवी आकृती काढली, जणू त्याला हे आधीपासून माहीत होतं).

आणि आता, मामा, आता खरी गंमत! आता काटा खरा, पन्नास म्हणजे पन्नास, आणि डिझेल इतकं पुरतंय की आमच्या नेहमीच्या पंपावरचा माणूस परवा हिरमुसून म्हणाला, ‘आमचं काही चुकलं का? हल्ली दुसरीकडे भरता वाटतं.’ मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याची समजूत काढली. मामा, मला अक्षरशः नाचावंसं वाटलं! आता कुणी ‘विकून टाका’ म्हणत नाही. थोरली घरची राहिली. तुम्हाला हे सगळ्यात आधी सांगायचं होतं, आणि तुम्ही एकदा ‘बरं केलंस’ म्हणावं असं फार वाटत होतं. अजून वाटतं.

एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली, ती काही फार मोठी नाही. भरल्या मालाने चढावर उभं राहून निघणं थोरलीला हल्ली आवडत नाही. मागे एकदा पुलाच्या चढावर लाल दिव्याला थांबलो, तर दिवा हिरवा झाला, परत लाल झाला, परत हिरवा झाला, आणि ती जागची हलेना. मागच्यांनी हॉर्नचा नुसता कल्लोळ केला, क्लचचा वास सुटला, आणि एका आजीबाईंनी रिक्षातून उतरून मला धक्का मारू का असं विचारलं. पण मी याकडे असं बघतो की वयोमानाने ती शहाणी झाली आहे. उगीच कुठेही चढत नाही.

बाकी सर्व ठीक. तुमच्या वरच्या खोलीचे लोखंडी गर्डर सकाळीच भरून घेतले आहेत, काळजी नसावी. मामींना नमस्कार. धाकटीला सांगा, थोरली बरी आहे आणि आवाज कमी करते, तिनेही शिकावं.

तुमचाच आणि थोरलीचाही,
भाचा

ता. क. : सहज आठवलं म्हणून विचारतो. तुमचा ट्रॅक्टर सध्या चालू आहे ना?

ता. क. दुसरा : सहज नाही. पत्र घेऊन आलेला माणूस तुमचाच गवंडी आहे हे तुम्ही बघितलंच असेल. गर्डर का आले नाहीत ते बघायला तो उतरून आला आणि त्याला मी सापडलो. मामा, मी हे तुमच्याच चढाच्या पायथ्याशी, थोरलीच्या सावलीत बसून लिहितोय. आम्ही पहिल्या वळणापर्यंत आलो होतो, तिथून मागे घरंगळलो. मग वळवून, त्यात जोर जास्त म्हणून, उलट्या गिअरमध्ये चढवून पाहिली (तुमच्या दारात पाठमोरी का होईना, आली असती), पण तेही जमलं नाही. तिला बोलू नका, तिची चूक नाही. ती आपली ढांगा टाकत होती. तुमची अट मला आठवते. शब्द म्हणजे शब्द. किल्ली पाकिटात घातली आहे. कागद मांडीवर ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नका.

ता. क. तिसरा : मामा, मी सून. हे तोंडावर पाणी मारायला नळावर गेलेत तेवढ्यात लिहिते. पाकिटातली किल्ली मी काढून घेतली आहे, शोधू नका. एक तर इंजिन चालू केल्याशिवाय ब्रेकची हवा भरत नाही, आणि हवा नसली की ब्रेक सुटत नाहीत, मग ट्रॅक्टर ओढणार काय? आणि दुसरं, शब्द यांनी दिला होता, मी नाही. तुमची जुनी जोडी भंगारात गेलेली नाही. प्राध्यापक घेतो म्हणत होता, तर हे म्हणाले, मामांची आहे. तुमच्याच जुन्या स्वेटरात गुंडाळून माझ्या सीटखाली ठेवली आहे, तेव्हापासून मला पाय लांब करता आलेले नाहीत. कुठली बसवायची ते तुम्ही दोघं भांडून ठरवा. पण ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नका. ट्रॅक्टरवर तुमचे गुडघे दुखत नाहीत, हे मामींनी मला कधीच सांगितलंय. वर जाताना तो गवंड्याकडे द्या आणि तुम्ही थोरलीत बसा. हे अजूनही दर वेळी गिअर बदलला की शेजारी बघून विचारतात, ‘बरोबर पडला ना, मामा?’ शेजारी मी असते. मला त्यातलं काय कळतंय? मी आपली दर वेळी ‘हो’ म्हणते. आज तुम्ही येऊन म्हणा.