गॅरेजमधल्या मातीचा ढीग

आप्पा, तुम्ही गेलात आणि उचगावचं गॅरेज बंद पडलं, त्याला एक तप उलटलं. जमिनीत मुरलेलं डिझेल आणि जळकं ऑइल मात्र तिथंच होतं. यंदा ते मागच्या बोअरच्या पाण्यात उतरलं, घोट तोंडात धरवेना. मग मीच आईला म्हटलं, माती उकरून वर काढू, पुढचं माझे जिवाणू बघतील. इतकी वर्षं प्रयोगशाळेत घालवली, घरच्या उपयोगाला कधी येणार?

ताडपत्रीवर ढीग घातला, त्यात शेणखत कालवलं, पाणी मारलं. जिवाणू बाहेरून आणावे लागलेच नाहीत. तुम्ही सांडलेल्या तेलावर त्या मातीत ते पिढ्यान्‌पिढ्या पोसले होते. त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तेलाच्या लांबलचक साखळीला आधी हवेतला प्राणवायू जोडतात, मग तिचे दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत जातात, आणि त्यावर ते जगतात. हे सगळं मला पाठ आहे. तरी थंडीच्या सकाळी ढिगातून वाफ निघताना बघून अंगावर काटा आला. आईनं कोपरापर्यंत हात आत घातला. "गरम हाय की गं. माणसाच्या अंगागत." कितीतरी वेळ तिनं हात काढलाच नाही. वासही तुमचाच, घरी आल्यावर शर्टाला यायचा तो. लहानपणी मी बिलगायला आले की ओरडायचात, "लांब हो! ह्यो वास जल्मात जायाचा न्हाय." मला तो आवडायचा, आप्पा. त्या वाफेच्या सकाळपासून आई रोज ढिगाशी बसते, भावकीतल्या भानगडी सांगते. मी हवा लागावी म्हणून खोऱ्यानं माती हलवायला गेले की म्हणते, "हळू गं, निजल्यात." मला हसू येत नाही. वास रोज थोडा कमी होतोय, आणि तो खाणाऱ्यांना मीच पाणी घालते आहे.

परवा ढीग गार लागला. बोअरचं पाणीही निवळलंय. आई तांब्याभर प्याली, ओंजळभर माती नाकाशी धरली आणि म्हणाली, "गेलं बघ सगळं. आता पसरून टाक नारळाबुडी. किती दिस धरून ठेवायचं त्यास्नी?" मी हो म्हटलं.

पसरली नाही. काल आई देवळात गेल्यावर पंपावरून बाटलीभर डिझेल आणून ढिगात ओतलं. आज सकाळी हात घातला तर आत ऊब होती. इतक्या लवकर ती येत नसते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आईला अजून काही सांगितलेलं नाही.