दोन टिंबं

८ जाने., सोमवार
लासूर स्टेशनचे जगन्नाथराव आज दोन दारं घेऊन गॅरेजात आले. वडिलांच्या जुन्या ट्रकची. ट्रक मोडीत गेला, दारं तेवढी ठेवली. आता मालाची छोटी गाडी घेतलीय, तिच्या केबिनला हीच लावायचीत. चार बोटं उंच पडतात. म्हणजे मधून आडवी पट्टी कापून काढायची आणि वरचा-खालचा भाग जोडायचा. दोन्हींवर खाली पेंटरनं लिहिलेलं वडिलांचं नाव. ते जळायला नको.
शेठला म्हणाले, "अय्यूबमिस्त्रीचाच हात लागला पाहिजे बरं का."
मी तिथंच उभा. एकवीस वर्षं झाली या गॅरेजात. माझं नाव नाय आलं कुणाच्या तोंडात. लागलं. खोटं कशाला लिहू.

१० जाने., बुध.
उजवं दार झालं. अय्यूबचाचा आणि मी. चाचांची रीत तीच. वेल्डिंगचा एक टाका इथं, दुसरा पार त्या टोकाला, मग मधी. दर टाक्याला ओलं गोणपाट, आणि मग उघडा तळहात पत्र्यावर. हात ठरला तरच पुढचा टाका. "पत्रा गुस्सेवाला है दत्ता. पहले ठंडा होने दे, फिर बात कर." अख्खा दिवस गेला. मी आतल्या आत चरफडत होतो, पण संध्याकाळी मापाची पट्टी आडवी ठेवून बघितली तर खालून उजेड दिसेना, पत्रा एकदम सपाट. नावाचा रंग जसाच्या तसा.
शेवटी जोडाखाली, आतल्या बाजूनं, पंचानं दोन टिंबं. आमची सही हीच. चाचांच्या उस्तादाचं एक टिंब होतं, चाचांची दोन, माझी तीन. चाचांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, तरी दोन्ही टिंबं बरोबर एका रेषेत.

१२ जाने., शुक्र.
डावं दार. सकाळी कापलं, जुळवलं. एक वाजता चाचा नमाजला निघाले. "आए तक रुक."
थांबलो नाय. म्हटलं येईपर्यंत दार तयार ठेवतो, मग बघू मिस्त्री कोण ते. चार टाके टाकले आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढला जोड. हात ठेवून बघितला नाय. अर्ध्यात पत्रा टण् बोलला. तरी नाय थांबलो.
गार झाल्यावर बघतो तर दाराला पोट सुटलेलं. इकडं फुगा, तिकडं खड्डा. ठोकलं तर अजून ताणलं. मग खड्डे बुजवायची लांबी थापली. चांगली जाड. घासली, वरून प्रायमर. दिसायला झकास!
तीनला चाचा आले. "हो गया?"
"हौ चाचा."
हात फिरवायला पुढं आले तर मी म्हटलं, ओला है.
टिंबं राहिली होती. चाचा चहाला गेल्यावर पंच घेतला. एक. दोन. तिसऱ्याला हात उचललाच नाय. वाटलं, आतून कोण बघतंय?

१३ जाने., शनि.
दारं गेली. ज.राव खूश. चाचांच्या पाया पडले. चाचा म्हणाले, "दत्ता ने भी किया." मी चपला शोधत बसलो.

२९ जाने., सोम.
आज जे झालं ते.
सकाळी ज.राव दार परत घेऊन आले. रस्त्याच्या दणक्यानं लांबी पोपड्यासारखी निघाली, तिच्याबरोबर वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षरही. खालचा पत्रा उघडा. सगळ्यांनी बघितला. ज.राव ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "वडील गेल्यावर एवढंच राहिलं होतं हो."
शेठनं दार उलटं केलं, आत बोट फिरवलं. "दोन टिंबं. चाचा, हे तुमचं."
चाचा म्हणाले, "बायां दरवाजा? वो तो दत्ता ने..." आणि माझ्याकडं बघितलं.
मी खाली वाकून लांबीचे पोपडे वेचायला लागलो.
मग त्यांनी वाकून स्वतः बोटानं टिंबं चाचपली. दोनदा. "दो है. फिर तो मेराच काम है. याद नै आरा मेरेकू."
शेठ म्हणाला, "डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या चाचा. आता आराम करा." झालं. एवढंच. चाचा डबा घेऊन गेले.
दुसऱ्याची टिंबं कुणी मारत नाय. उस्तादाच्या काळापासून नाय. म्हणून त्यांनी स्वतःवर शक घेतला. माझ्यावर घेतला नाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

३० जाने., मंगळ.
शेठ म्हणाला, "दत्ता, आता हेडमिस्त्री तू. ते दार तूच नीट कर." पोरांनी पेढे मागितले. आणले मी! खाल्लाही एक. नालायक माणूस.

४ फेब्रु., रवि.
किराडपुऱ्यात चाचांच्या घरी गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. अख्ख्या रस्त्यानं वाक्य जुळवत गेलो.
चाचा आत होते. चाचांची बायको, खाला, दारातच हळू आवाजात बोलल्या, "गॅस बंद किया क्या, चार चार बार उठ के देखते. नमाज में कितनी रकात हुई, उंगलियों पे गिनरे. कभी ऐसा नै था बेटा इन का. तू ही समझा."
मी समजावणार!
चाचा बाहेर आले. हातात त्यांची हातोडी. दांडा उस्तादाच्या वेळचा, घासून घासून काळा. "तू रख. मेरे हाथ का भरोसा नै रहा अब."
घेतली मी. घेतली आणि आलो. जुळवलेलं वाक्य तसंच तोंडात.
घरी बायकोनं, मंदानं विचारलं, "काय ओ, कुणी मेलं का?" म्हटलं नाय. जेवण गेलं नाय.

७ फेब्रु., बुध.
फुगलेला जोड कापून काढला. बोटभर रुंदीची लांब पट्टी निघाली, माझ्याच वेल्डिंगची, खाली दोन टिंबांसकट. भंगारात टाकायला हात होईना. वाकवून डब्याच्या पिशवीत ठेवली. मंदाला सापडली तर काय सांगू?

१२ फेब्रु., सोम.
दार आता बोटभर कमी पडतंय. आधी कापलेली मूळ पट्टी होती म्हणून बरं, तिच्यातून तुकडा घालता येईल. पण म्हणजे एकाऐवजी दोन जोड. दुप्पट उष्णता, आणि खाली नाव. मला एकट्याला जमायचं नाय. हे लिहायला लाज नाय आता.
पुन्हा चाचांकडं. म्हटलं, काम मी करतो. तुम्ही फक्त हात ठेवून सांगा, गार झालं का नाय.
"मेरे हाथ का..."
"माझ्या हाताचा त्याहून नाय चाचा."
हे तेवढं खरं बोललो. मग चाचा म्हणाले, "जुमेरात को आता." म्हणजे गुरुवारी.

१५ फेब्रु., गुरु.
चाचा आले. स्टुलावर बसले. मी टाका मारायचा, गोणपाट ठेवायचं, उचलायचं, मग त्यांचा तळहात. "नै." थांबायचं. "नै अभी." थांबायचं. "अब." दिवसभर एवढंच बोलणं. पोरं कंटाळून निघून गेली. चारला वरचा जोड पुरा. पट्टी ठेवली. उजेड नाय. उरलेल्या नावाला धक्का नाय.
चाचा हसले. कितीतरी दिवसांनी. "हाथ तो चलरा मेरा." आणि लगेच चेहरा पडला. "पर याद..."
तिथं मला राहवलं नाय. पिशवीतून ती कापलेल्या जोडाची पट्टी काढली, त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "चाचा, ये मेरा है. जुम्मे को किया मैं, तुम नमाज को गए थे तब. दो बिंदी मैं मारा."
त्यांनी जोडावरून बोट नेलं. हळू. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग टिंबांवर थांबलं.
वाटलं आता पट्टी तोंडावर बसणार. बसू दे म्हटलं.
"मतलब मेरेकू बराबर याद था," एवढंच बोलले. माझ्याशी नाय, स्वतःशीच. पुन्हा एकदा, "बराबर याद था." डोळे भरले होते, आणि चेहऱ्यावर किती हायसं! त्या हायशानंच मी मेलो.
हातोडी पुढं केली. घेतली नाय. पट्टी मात्र घेऊन गेले, रुमालात गुंडाळून. माझ्याकडं एकदाही बघितलं नाय.

१६ फेब्रु., शुक्र.
सकाळी शेठला सांगितलं. शेठनं चहाचा कप खाली ठेवला, म्हणाला, "दार पुरं कर. मग बोलू." ज.राव उद्या येणार.
खालचा जोड बाकी. नावाच्या अगदी वरचा. टाके मारून ठेवलेत.
चाचा सकाळी आले नाहीत. स्टूल आहे तिथंच आहे, गोणपाट भिजवून ठेवलंय, हातोडी दारावर. खालाकडं निरोप पाठवायला तोंड नाय.
एक वाजून गेला. तिकडं अजान झाली. आज थांब म्हणणारं कुणी नाय. बर्नर पेटवला नाय मी. बसलोय.