सूचनांच्या वेळी माझं नाव

रविवार, चौदा नोव्हेंबर दोन हजार चार, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटं. फादर, ही वेळ मी अंदाजानं लिहीत नाही. चर्चच्या घड्याळात पाहिली होती, आणि ते घड्याळ तेव्हा चार मिनिटं पुढे असायचं, ती चार मिनिटं वजा करून सांगते आहे. मराठी मिस्सा सातची. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला होता, लोक बाकांवर टेकले होते, बाहेर कुणाची तरी दिवाळीची लवंगी माळ तडतडत होती आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून सूचनांचा कागद वाचत होतात. सापडलेली छत्री. कोकणी मिस्सेची बदललेली वेळ. नाताळच्या गाण्यांचा सराव. आणि मग त्याच सुरात, छत्रीच्याच सुरात, माझं नाव. ज्या घरांत मरण झालं आहे त्या घरांना भेटी देण्याचं काम आजपासून या बाई पाहतील, असं तुम्ही म्हणालात. मला न विचारता. माझा नवरा जाऊन महिना झाला त्याची मिस्सा होऊन आठ दिवससुद्धा झाले नव्हते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, हरकत घ्यायची तर उभं राहून घ्यायची आणि पूर्ण वाक्यात. मी उभी राहिले. वाक्य तयार होतं, पहिला शब्द ओठांवर होता, तेवढ्यात मागच्या बाकावरून टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं मी काम स्वीकारायला उठले. टाळ्या पुढे आल्या, गायक मंडळाने वाजवल्या, मेणबत्त्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यानेसुद्धा वाजवल्या, आणि तुम्ही दोन्ही हात पसरून म्हणालात, "उभे राहू या." सगळं चर्च माझ्या हरकतीला पाठिंबा दिल्यासारखं उभं राहिलं. आशीर्वाद झाला, अंत्यगीत झालं, आणि माझी नेमणूक झाली. चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. येणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद केली, जाणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक दिला. कुणाचं साधं टेबल हलवायचं तरी आधी कागद फिरायचा. आणि इथे जिवंत बाई हलवली, तीही तोंडी आदेशावर.

मी तशीच तुमच्या कार्यालयात आले. तुम्ही बशीत ऑम्लेट-पाव घेऊन बसला होतात.

"बाई, आज रविवार. कार्यालय बंद असतं."

"दार उघडं आहे."

"ते उकाड्यासाठी."

"मलाच का? लेखी कारण द्या."

तुम्ही पाव मोडलात. वसईच्या माणसाला घाई नसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "माझी जीभ कशी आहे ते सगळ्या धर्मग्रामाला माहीत आहे," मी म्हणाले. "गायक मंडळाला विचारा. फुलं लावणाऱ्या बायकांना विचारा. मेलेल्याच्या घरात मला पाठवणार म्हणजे उरलेली माणसं भांडायला उठतील."

"उठली तर बरंच," तुम्ही म्हणालात. "लेखी कारण देईन. पण आधी एक घर करून या." आणि मला अर्धा पाव पुढे केलात, मी घेतला नाही. आज लिहिताना त्याचं वाईट वाटतं. मिस्सेसाठी उपाशी आले होते आणि वास चांगला सुटला होता.

त्या दिवसांत मी कशी होते ते तुम्हाला दिसलं असणार. नवऱ्याच्या अंत्यविधीत मी रडले नव्हते. पेटीची एक कडी सैल होती, ती मी जागेवर पिळून घट्ट करून घेतली. कोण कोणत्या गाडीत बसेल ते सांगितलं. दफनभूमीत फुलं ठेवायची रांग मोडली तेव्हा रांग लावली. बायका म्हणाल्या, दगड आहे. माझ्या कानावर येईल इतपत मोठ्याने म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, दगड असतो म्हणून घर उभं राहतं. उत्तर चांगलं होतं. घरी आल्यावर ते ऐकवायला कुणी नव्हतं, कारण अशी उत्तरं ऐकून हसणारा माणूस एकच होता.

पहिलं घर मी तुम्हाला खोटं पाडण्यासाठी केलं. खांदा कॉलनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा गेलेली एक केरळी नर्स. मी जाऊन बसले. काय बोलायचं मला येत नव्हतं, तिला मराठी जेमतेम येत होतं. दहा मिनिटांनी मी विचारलं, मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती घेतल्या? ती म्हणाली, एक. मी म्हटलं, एक? एक म्हणजे झेरॉक्सवाल्याकडे विसरायला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन नगरपालिकेत गेले, दहा प्रती काढल्या, खिडकीतल्या माणसाने उद्या या म्हटल्यावर त्याला माझ्या पद्धतीने समजावलं. ती नर्स बाहेर येऊन पायरीवर बसली आणि हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, असं नंतर म्हणाली. मी तुमच्याकडे येऊन सांगितलं, घर झालं, आता कारण द्या. तुम्ही म्हणालात, "आणखी एक." मी घरी जाऊन स्मरणपत्र क्रमांक एक लिहिलं.

दुसरं घर गव्हाणचं. ते तुम्हाला मी कधीच पूर्ण सांगितलं नाही. नगरकडची एक पोरसवदा बाई, नवरा बंदरावर ट्रेलर चालवायचा, चार दिवसांच्या तापात गेला. कोळ्यांच्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहत होती. मी फाइल घेऊन गेले. ती खाली बसलेली आहे, मांडीवर नवऱ्याचा कामावरचा शर्ट. त्याची बटणं लावते, काढते, परत लावते. मी चटईवर फाइल उघडते, पेनाचं टोपण काढते आणि विचारते, मृताची जन्मतारीख? ती वरसुद्धा बघत नाही. तेवढ्यात घरमालकीण आत येते. म्हातारी कोळीण, नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातात भाताचं पातेलं.

"बाई, कागुद मंग भरा. आदी बसा."

"बसलेच आहे मी."

"तशा नाय. तिचेजवल बसा." मी सरकले. म्हातारीने मला नीट बघून घेतलं. कपाळ, गळा, हात. आमच्यात यावरून काही कळत नाही, म्हणून तिने सरळ विचारलं, "तुमचा मालक हाय का?"

"नाही. ऑक्टोबरात गेले."

"मंग तुमी रडलाव का नाय?"

"घरात कामं फार होती."

"कामा काय, मरंपरत हायेतच," ती म्हणाली आणि पातेलं शेगडीवर ठेवून पाठ फिरवली. "आता रडा दोगी. भाताकडं मी बगते."

फादर, मी कुणाच्या सांगण्यावरून आयुष्यात काही केलेलं नाही. पण त्या बाईने सांगितलं आणि मी रडले. त्या पोरीला मी सांगून टाकलं की मी रोज सकाळी ह्यांचा चष्मा पुसते. फ्रिजवर ठेवलेला असतो, तो उतरवायचा, पदराने पुसायचा, परत ठेवायचा. हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. त्या पोरीने शर्ट बाजूला ठेवला आणि माझा हात धरला, म्हणजे सांत्वन करायला गेले मी आणि हात धरला तिने. तुम्ही विचारलंत, गव्हाणला काय झालं? मी म्हटलं, भात करपला. ते खरंच होतं. म्हातारीही येऊन रडायला बसली होती. तिचा नवरा वीस वर्षांपूर्वी होडीतून परत आला नव्हता. तिघींनी करपलेला भात खाल्ला, बरोबर सुका जवळा. जन्मतारीख मी पुढच्या आठवड्यात जाऊन लिहून घेतली.

त्यानंतर मी किती घरं केली ते मोजलेलं नाही. जीभ काही मऊ झाली नाही. एका घरात दीर दफनाच्या दिवशीच कपाटाच्या किल्ल्या मागत होता, त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले. "देवाची इच्छा" म्हणणाऱ्या एका बाईला मी म्हटलं, देवाने तुम्हाला कळवली असेल तर लेखी दाखवा. पण आपलं माणूस गेलेल्यांना मी कधी काही बोलले नाही. त्यांच्याजवळ बसले. फॉर्म भरले. त्यांनी एकच गोष्ट सात वेळा सांगितली तर सातही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. हे मला येतं हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला कसं माहीत होतं, एवढंच मी विचारत होते. दोन वर्षांत सात स्मरणपत्रं दिली. तुम्ही ती प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी घ्यायचात, चष्मा कपाळावरून खाली आणून वाचायचात, खणात ठेवायचात आणि म्हणायचात, "बाई, अक्षर फार सुंदर आहे." मग चहा यायचा.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये तुमची बदली झाली. निरोपाच्या दिवशी तुम्ही मला एक जाड पाकीट दिलंत. मला वाटलं, आलं एकदाचं उत्तर. घरी येऊन उघडलं तर माझीच सात पत्रं. प्रत्येकावर "पोचले" असं लिहून खाली सही आणि तारीख. उत्तर एकाचंही नाही. मी इतकी चिडले की रात्रीची भाजी दोनदा खारट केली. आणि दोन वर्षांनी तुम्ही वारलात. वसईला तुमच्या अंत्यविधीला मी एसटीने आले होते. पुढच्या रांगेत तुमची बहीण एकटी बसली होती, मी जाऊन तिच्याजवळ बसले. तिने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, तुमच्या भावाकडे माझं एक प्रकरण प्रलंबित आहे. ती रडता रडता हसली. म्हणाली, "त्याच्याकडे सगळ्यांचंच असायचं."

हे सगळं आज का लिहिते, ते सांगते. दहा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, माझी त्र्याहत्तरी झाली, गुडघे जिने मोजायला लागले. आताचे फादर तरुण आहेत, मला आंटी म्हणतात, मी सुधारणं सोडून दिलं. गेल्या महिन्यात म्हणाले, "आंटी, आता जिने बास. तुमच्या जागी एक नाव द्या." माझ्याकडे नाव तयार होतं. निवृत्त मुख्याध्यापिका, खांदा कॉलनीतच राहते, गेल्या वर्षी तिची एकुलती मुलगी गेली. मी भेटायला गेले तेव्हा दारातच म्हणाली, "सांत्वन चपलांजवळ ठेवा आणि आत या, पंखा आत आहे." आत मुलीचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तिने मला पाहताना पाहिलं, आणि आम्ही दोघी भाज्या किती महागल्या त्यावर तासभर बोललो.

तरुण फादरांनी नाव ऐकून घाम पुसला. "त्या हो म्हणतील?"

"विचारलंत तर नाही म्हणतील."

"मग?"

"विचारू नका."

रविवारी सूचनांत त्यांनी नाव घेतलं. मी मागे वळून पाहिलं. ती उठली नाही. टाळ्या झाल्या, सगळे उभे राहिले, आशीर्वादालासुद्धा ती बसूनच राहिली, हाताची घडी घालून. माझ्यापेक्षा हुशार आहे. सोमवारी सकाळी दहाला माझ्या दारात हजर. हातात पत्र, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल शाईच्या रेघा. विषय : विनासंमती नेमणूक. नाव कुणी सुचवलं ते फादरांनी पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकलं होतं.

"मलाच का?" ती म्हणाली. "लेखी कारण हवंय. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत."

माझ्या तोंडावर तुमचं वाक्य आलं होतं, आधी एक घर करून या. मी ते गिळलं. ते तुमचं आहे, आणि त्या वाक्याने मला दोन वर्षं किती छळलं ते मला माहीत आहे. मी पेन घेतलं आणि तिच्या पत्रावर पोच दिली, सही आणि तारखेसह.

तिने वाचून पाहिलं. "वेळ टाका."

मी वेळ टाकली. चहा घेणार का विचारलं. म्हणाली, नको. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "साखर किती घालता तुम्ही?"

आज गुरुवार. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचं पत्र आहे, बाजूला माझी सात आणि ह्यांचा चष्मा. मी तीन मसुदे केले, तिन्ही फाडले. "तुमची जीभ तिखट आहे म्हणून," असं तिला लिहिलं तर भांडेल. "तुमच्या मुलीचा मोबाइल चार्जिंगला होता म्हणून," असं लिहिलं तर तो ती त्याच दिवशी काढून ठेवील, आणि ते मला नको आहे. आमच्या घरी प्रार्थनेला आलात तेव्हा फ्रिजवरचा चष्मा तुम्हाला दिसला असणार; तुम्ही ते कारण लिहिलं असतंत तर माझ्याही चष्म्याचं तेच झालं असतं, हे आत्ता लिहिताना दिसतं आहे. पण म्हणून तुमचा दोष मी माफ केला असं समजू नये.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. चौथ्या स्मरणपत्रानंतर मला उत्तर नको होतं. उत्तर मिळालं असतं तर प्रकरण निकाली निघालं असतं आणि दर दोन-तीन महिन्यांनी तुमच्या कार्यालयात येऊन चहा प्यायला मला काही कारण उरलं नसतं. पाचवं, सहावं आणि सातवं मी चहासाठी लिहिलं. तुम्हाला ते कळलं होतं, नाहीतर इतक्या निगुतीने पोच दिली नसतीत.

या पत्राला जावक क्रमांक देत नाही, कारण ते जाणार नाही; सातांच्या खाली ठेवून देईन. तरी मागणी कायम आहे. त्या बाईला काय लिहू ते आपण मला शनिवारी संध्याकाळी पाच वाजायच्या आत लेखी कळवावं. सहाची मुदत तिची आहे. मधला तास मला सुवाच्य नक्कल काढायला लागेल.