गिरणीच्या वाटेची बस

मिशिगन, १२ जानेवारी २००३

ती. बाबांस आसावरीचा सा. न.

थंडी कडाक्याची आहे, पण आईने दिलेला स्वेटर कोटाच्या आत घालते, तेव्हा काळजी नको. लिहिण्याचं कारण वेगळं. घराजवळून जाणारी आमची बस एप्रिलपासून बंद करायचं घाटतंय. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला सभा आहे. मी लायब्ररीत बसून या मार्गाचा सगळा इतिहास काढलाय. शंभर वर्षांपूर्वी कागदाच्या गिरणीतल्या कामगारांसाठी इथे विजेची ट्रॉली, म्हणजे ट्राम, सुरू झाली. पुढे रूळ उखडले आणि त्याच वाटेवर बस आली. गिरणी बंद पडली, बस राहिली.

शेजारच्या सुलभाकाकू मुलाकडे राहतात, ड्राइव्ह करत नाहीत. डायलिसिसला त्या याच बसने जातात. मुलाला दर वेळी रजा काढायला लावणं त्यांच्या जिवावर येतं.

सभेत मला तीन मिनिटं मिळतील. ट्रॉलीचा इतिहास ठणकावून सांगणार आहे. तुम्ही तीस वर्षं सिटी बसचे टाइमकीपर होतात, काही सुचवा. तुमची माया आहेच, सल्लाही पत्रातून कळू द्या.

तुमची आसावरी

सोलापूर, २७ जानेवारी २००३

चि. आसावरीस अ. उ. आ.

तुझी आई म्हणते, पोरगी अमेरिकेत जाऊनही बसच्याच मागे लागली.

इतिहास चांगला आहे, पण त्यावर बस टिकत नाही. चौऱ्याऐंशी साली आमची एक फेरी बंद होत होती. ती किती जुनी आहे, यावर मी दोन पानी अर्ज केला. साहेब म्हणाले, जुनी आहे म्हणूनच बंद करतोय. त्या फेरीने विडी कामगार बायका जायच्या. त्यांच्याबद्दल मी एक ओळ लिहिली नव्हती. नंतर त्या उन्हातून चालत जाताना दिसल्या की मी मान खाली घालायचो.

तू बसमधून फिर. कोण कुठे चढतं, कशासाठी जातं, विचार. आणि सभेत त्यांना बोलू दे. तुला जमेल. आमचा जीव तुझ्यापाशी आहेच.

तुझे बाबा

मिशिगन, ९ मार्च २००३

ती. बाबांस सा. न.

तुमचं ऐकलं. आठवडाभर बसमधून फिरले. गिरणीच्या जागी आता हॉस्पिटलची लाँड्री आहे, आणि सकाळच्या पाळीची निम्मी माणसं याच बसने येतात.

सभेत मी ट्रॉलीची गोष्ट एका मिनिटात संपवली आणि उरलेला वेळ काकूंना दिला. त्यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की ही बस आठवड्यातून तीन वेळा मला जिवंत ठेवते. मग लाँड्रीतले अकरा जण एकामागून एक बोलायला उठले.

काल निकाल लागला. रविवारची बस गेली, बाकीचे सहा दिवस राहिले. मला रविवारचं वाईट वाटत होतं. काकू म्हणाल्या, यार आसावरी, रविवारी मला स्वयंपाक असतो. (हा ‘यार’ त्यांनी नातवाकडून उचललाय.)

नवं टाइमटेबल सोबत पाठवतेय. आईला नमस्कार. दोघांची माया अशीच असू द्या.

तुमची आसावरी

सोलापूर, २४ मार्च २००३

चि. आसावरीस अ. उ. आ.

टाइमटेबल भिंतीवर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझी आई ते दाखवते. मी दोनदा तपासलं. सकाळच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत अंतर फार कमी ठेवलंय, बर्फात दोन्ही बस एकामागे एक येतील. पण हे तिथल्या बसवाल्यांना लगेच सांगू नकोस. आधी धावू दे.

तुझे बाबा