पाचव्या तासाचा आकडा

अण्णा,

गेल्या महिन्यात एका रविवारी मी बारा माणसांना बोटीत बसवून धरणाच्या मध्यापर्यंत नेलं. सगळी परत आणली, काळजी करू नका. हे तुम्हाला सांगायला हवं असं तेव्हापासून वाटतंय, आणि तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली म्हणून ते वाटणं काही थांबत नाही. तुम्ही बीडकडच्या कोरड्या गावातले. विहिरीत डोकावतानासुद्धा एका हाताने रहाटाचा खांब धरून ठेवायचात. मुलगी बोटी बनवते हे ऐकून तुम्ही आधी आईकडे बघितलं असतं आणि मग विचारलं असतं, "चाकणात? तिथं पाणी कुठाय?"

पाणी नाही, पण फायबर आहे. माझी शेड मुख्य रस्त्यापासून आत आहे, तिकडे कंपन्यांच्या बसेसना वळायलाही जागा नसते. बरीच वर्षं आम्ही तिथे टेम्पोचे हूड आणि बसच्या आतले भाग ओतले. मग एका नदीकाठच्या नगरपालिकेने पुरातून माणसं काढायला बोट हवी म्हणून विचारलं, आणि मी हो म्हणून बसले. तुम्ही याला उरावर घेणं म्हणाला असतात. बोट बारा माणसं आणि चालवणारे दोन, एवढ्यांची. बोटीचं इंजिन आत नसतं, मागच्या फळीला बाहेरून टांगतात. साठ घोड्यांचं एक लावायचं की तीस-तीसची दोन, हे बोट बनवणाऱ्याने चाचण्या घेऊन ठरवायचं आणि चाचणीच्या कागदावर सही करायची, असं त्यांच्या पत्रात होतं. म्हणजे सही माझी. चुकीचं इंजिन लावलं तर ते कळणार पुराच्या दिवशी, बारा माणसं आत बसलेली असताना. आणि बोट द्यायची पावसाच्या आधी. हातात पाच आठवडे होते.

इंजिनं विकणारा पुण्याचा. चांगला माणूस, पण त्याने मनाशी ठरवून टाकलेलं. "मॅडम, सिंगल साठ घ्या. हलकं, स्वस्त, सर्व्हिसिंग एकाचं. दोन इंजिनं म्हणजे दोन बायका." मी त्याच्याकडे बघितलं, त्यानंतर तो बराच वेळ फक्त आकड्यांत बोलला. पहिल्या दिवशी आम्ही दोघंच बसलो आणि एकटं साठचं इंजिन लावून धरणावर निघालो. परवानगीचं पत्र माझ्या पर्समध्ये. मी वेगाचा दांडा पुढे ढकलते, बोट आधी नाक वर करते, क्षणभर समोरचं काही दिसत नाही, मग ती आडवी होते आणि पाण्याच्या वरच्या वर पळायला लागते. अण्णा, मी पन्नाशीची बाई, मोठ्याने हसले. त्या दिवशी सही मागितली असती तर मी डोळे मिटून केली असती.

पण रिकामी बोट कोणाच्या उपयोगाची? दुसऱ्या दिवशी चाकणच्या मार्केटातून कांद्याच्या सतरा गोण्या आणल्या. आमच्या भागात वजन हवं असलं की कांदा. पूल असो नाहीतर लिफ्ट, इथे पहिल्यांदा त्यात कांदाच बसतो. अडत्याने विचारलं, "ताई, कांदा होडीनं कुठं पाठवताय?" मी म्हटलं, फिरवून परत आणते. गोण्या भरल्यावर बोटीचं नाक जे वर गेलं ते खाली यायला तयार होईना. इंजिन घोगऱ्या आवाजात ओढत होतं. पूर्ण दांडा दिला तरी इंजिनाचे फेरे जिथे पोचायला हवेत तिथे पोचत नव्हते. विक्रेत्याचं म्हणणं, आता साठ सोडा, नव्वदचं घ्या. मी कान लावून ऐकलं. ते इंजिन कमजोर नव्हतं, चढावर चौथ्या गिअरमध्ये अडकलेल्या ट्रकसारखं ओढत होतं. मी इंजिनाचा पाण्यातला पंखा बदलायला लावला, एका फेऱ्यात कमी पाणी कापणारा. तेच इंजिन मोकळं झालं आणि तीच बोट गोण्यांसकट उचलली गेली.

ते ऐकणं तुमचं. आपल्या कासारवाडीच्या दोन खोल्यांत आई स्टोला पंप मारते आहे, तुम्ही इंजिन कंपनीतल्या पहिल्या पाळीवरून येऊन बाहेर हात धुताय, आणि आत न येताच सांगताय, "पिन मारा, बर्नर चोंदलाय." आई म्हणते, "माझ्या स्टोला तरी तुमच्या कंपनीतून सुट्टी द्या." आणि ती खंडेनवमी, जेव्हा घरच्यांना कंपनीत येऊ द्यायचे. मी दहा-अकरा वर्षांची. सगळ्या मशीनींना झेंडूच्या माळा, तुम्ही धुतलेल्या सदऱ्यात. तुमच्या लाकडी मुठीच्या लांब पेचकसाचं टोक तुम्ही चालू इंजिनावर टेकवलंत आणि मूठ माझ्या कानाला लावलीत. आत कितीतरी वेगवेगळे आवाज होते. तुम्ही एकेक सांगत गेलात, हा व्हॉल्व्ह, हा पंप. डिप्लोमा झाला तेव्हा तो पेचकस तुम्ही मला दिलात. पेढे आईने वाटले, तुम्ही कागदात गुंडाळलेला पेचकस दिलात. तेव्हा मला घड्याळ हवं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तर पंखा बदलला, आणि मी कागद भरायला घेतला. भरलेल्या बोटीच्या तीन फेऱ्या हव्या होत्या. दोन झाल्या, दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे. दुपार कलली होती, वारा सुटला होता, गोण्या उतरवून मार्केटात पोचवायच्या होत्या. टेम्पोच्या बंपरवर कागद ठेवून मी तिसऱ्या फेरीसमोर दुसरीचाच आकडा लिहिला. तसाच येणार होता. आणि खाली "एक इंजिन, साठ" लिहून सही केली.

तिथे धरणातच मासे धरणारा एक म्हातारा दोन दिवस आमचा तमाशा बघत बसला होता. त्याची जमीन धरणाखाली गेलेली, आता त्याच पाण्यावर जाळं टाकतो. गोण्या उतरताना तो जवळ आला.

"काय मापताय, ताई?"

"माणसांचं वजन, बाबा. पुरात माणसं बसणार यात."

त्याने गोणीवर हात ठेवला. "कांदं गप बसत्यात. भ्यालेली माणसं बसत्यात व्हय गप?"

माझ्या हातात तो सही केलेला कागद होता, आणि एकदम तुम्ही समोर उभे राहिलात.

मी अप्रेंटिस होते, तुमच्याच खात्यात, आणि तुम्ही मला त्यात कसलीही सवलत दिली नव्हतीत. सहा तासांची चाचणी. दर तासाला तेलाचा दाब, तापमान, फेरे लिहायचे. पाचव्या तासाला मी कॅन्टीनमध्ये होते. परत येऊन आधीच्या तासाचे आकडे तसेच खाली उतरवले. पण तुम्ही मला चहाच्या रांगेत बघितलं होतंत. सगळ्या खात्यासमोर तुम्ही कागद उचललात.

"हे कामून लिहिलंस?"

"इंजिन नीट चालत होतं, अण्णा."

"नीट चालायलंय तवाच बघावं लागतंय. बिघडल्यावर कुणालाबी कळतंय."

आणि कागद फाडलात. चार तुकडे. मिस्त्री मध्ये पडला, म्हणाला, पाचव्या तासापासून परत घेऊ की. तुम्ही म्हणालात, "पहिल्यापासून." सहा तास पुन्हा, दुसऱ्या पाळीचं काम अडवून. मी रडत रडत आकडे घेतले आणि पाचव्या तासाला काय आलं? मी लिहिलं होतं तेच, अगदी तेच. तुम्ही बघितलंत, सही केलीत आणि डबा उचलून गेलात. मी तुमच्याशी दीड महिना बोलले नाही. आई मधल्या मध्ये निरोप पोचवायची, भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा. माझा राग फाडण्याचा नव्हता. एक आकडा खोटा होता, मग पहिल्यापासून का, हा होता. हे गाऱ्हाणं मी पुढे नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, तुमच्या तेराव्याला आलेल्या तुमच्या मित्रांनाही सांगितलं, आणि सगळे माझ्या बाजूने मान हलवायचे.

धरणावर मी तो कागद फाडला. विक्रेता म्हणाला, "मॅडम, झालं होतं की." मी म्हटलं, पहिल्यापासून.

पुढच्या रविवारी शेडमधली माणसं बोलावली, बायकांसकट, सगळ्यांना जाकिटं बांधली, म्हाताऱ्याची होडी मदतीला शेजारी ठेवली. आमचा हेडमिस्त्री चाकणजवळच्या गावातला शेतकरी, चार माणसांचं काम एकटा करतो. तो म्हणाला, "ताई, बोट मी बांधली, पन बसायचं न्हाई बा मला. मी वजन मोजतो काठावरनं." त्याची बायको मात्र पहिली चढली. साठचं इंजिन लावलेलं. निघालो, वळण घेतलं, एका बाजूने पाणी अंगावर उडालं आणि सगळे दुसऱ्या बाजूला सरकले. बोट कलली, पंख्यात हवा शिरली, इंजिन नुसतं किंचाळलं आणि बोट जागेवर बसली. काठावरून हेडमिस्त्री बायकोला हाका मारत होता. दोन तिसांची लावून तेच वळण परत घेतलं. बोट कलली तेव्हा एका पंख्यात हवा शिरली, दुसरा पाण्यात राहिला आणि आम्ही वळण पूर्ण केलं.

विक्रेता तरी हटेना. बसायच्या जागा बदला, पट्टे लावा, सिंगल चालेल. त्याचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. पण कागद फाटला की माणूस सगळंच परत बघायला लागतो. धरणाचं पाणी स्वच्छ आहे आणि ही बोट जाणार आहे आपल्या नद्यांसारख्या नदीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून बोट चऱ्होलीच्या बाजूला नदीवर नेली. तुमच्या वेळची नदी नाही ती आता. काठाने इमारती आणि पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा, वरून कोंबडी चालत जाईल असा. या इंजिनांतून थंड करणाऱ्या पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ती धार थांबली की इंजिन तापणार. साठचं इंजिन जलपर्णीत शिरलं आणि मी धारेवर डोळे ठेवून बसले. करंगळीएवढी धार बारीक झाली, मग थेंब, मग इंजिन तापल्याचा भोंगा वाजला आणि आम्ही नदीच्या मधोमध बंद. पुराच्या पाण्यात असतो तर कुठे गेलो असतो कोण जाणे. दोर टाकून काठावरून ओढून घेतलं. दोन इंजिनं लावली तेव्हाही चोंदली, पण एक आधी. ते वर उचललं, हाताने मुळं उपसून काढली, तोवर दुसऱ्याने बोट धरून ठेवली. शिवाय तीसचं एकेक इंजिन दोन माणसं टेम्पोतून उतरवतात. साठच्याला चार लागतात, आणि पुराच्या दिवशी चार मोकळी माणसं कुठून आणायची?

मी "दोन" लिहिलं. दोन इंजिनांचं वजन जास्त, म्हणजे मागची फळी कापून नवी ओतायला हवी, बारा दिवस जास्त. नगरपालिकेच्या साहेबांना फोन केला.

"मॅडम, पाऊस तुमच्या ट्रायलसाठी थांबणार आहे का?"

"नाही थांबणार. म्हणूनच नदीत बंद पडणारी बोट तुम्हाला देत नाही."

ते चिडले, ऑर्डर दुसरीकडे देईन म्हणाले. मी म्हटलं, द्या, पण त्यांना जलपर्णीत बोट घालायला सांगा. शेवटी म्हणाले, तारीख सांगा. मी तारीख सांगितली, आणि शेडमध्ये दोन पाळ्या लागल्या. मला भीती वाटत होती, अण्णा, पण हात थांबले नाहीत. रोज सकाळी फळीवर टिचक्या मारून ऐकत होते, आत पोकळ राहिलंय का.

काल शेवटची चाचणी झाली. तारखेला दोन दिवस बाकी ठेवून. तीन फेऱ्या, बारा माणसं. यावेळी हेडमिस्त्रीही बसला, बायकोचा हात धरून. तिसऱ्या फेरीचा आकडा दुसरीसारखाच आला, एक फेरासुद्धा इकडेतिकडे नाही. विक्रेता म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो." मी सही केली. चालू इंजिनावर पेचकस टेकवून एकदा ऐकलं, दोन्हींचं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. चाचणीच्या फाइलीत लावावं असं क्षणभर वाटलं, पण ती फाइल साहेब वाचतील. पेचकसाच्या डब्यात ठेवते. पण ठेवण्याआधी, इतकी वर्षं ज्या गाऱ्हाण्यावर मी सगळ्यांच्या माना हलवून घेतल्या, त्यातलं एक राहिलंय. त्या दिवशी मी फक्त पाचवा आकडा उतरवला नव्हता. चौथ्या तासालाही मी इंजिनाजवळ गेले नव्हते. तिसऱ्याचाच आकडा लिहिला होता, आणि तेव्हा मला कोणी बघितलं नव्हतं. तुम्ही "पहिल्यापासून" का म्हणालात, ते मला त्याच दिवशी, तिथे उभं असतानाच कळलं होतं.